बाटलीच्या आट्यांत दडून बसणाऱ्या दुधाच्या थरास खुले पत्र

दुधाच्या थरा,

तुला नमस्कार लिहायची माझी इच्छा नाही. पत्राला मायना लागतो म्हणून नाव घेतलं, इतकंच.

तू कुठे राहतोस ते मला चांगलं माहीत आहे. निपल जिथे रिंगमध्ये बसतं त्या कडेखाली, रिंगच्या आट्यांत, निपलच्या टोकाच्या बारीक भोकात आणि बाळाच्या पोटात वारा धरू नये म्हणून बसवलेल्या त्या इवल्याशा व्हॉल्व्हच्या चिरेत. उघड्यावर यायची तुझ्यात धमक नाही. बाटलीचं पोट पारदर्शक असतं, ते लख्ख दिसलं की दमलेली आई बाटली धुतली असं समजते. तू मात्र नजर जात नाही आणि बोट पोचत नाही अशा जागी अंग चोरून बसतोस. आणि उठतोस कोणाच्या जिवावर? ज्याला अजून धड चालताही येत नाही, पोट दुखतंय हे सांगता येत नाही, अशा सहा-आठ महिन्यांच्या पोराच्या! यात कसला पराक्रम रे?

घरात तुझी डाळ शिजत नाही. तिथे गॅस आहे, बाटल्या बुडतील एवढं पातेलं आहे, भांडी घासायची मोरी वेगळी आहे, बाल्कनीत ऊन आहे आणि बाटली हातात घेऊन निपल उलटं करून बघणारी आजी आहे. म्हणून तू संधी शोधत राहतोस, आणि हल्ली ती तुला समुद्रावर सापडली आहे. मुंबईच्या बॅलार्ड पिअरवरून जहाज सुटतं, गोव्याला जातं, लक्षद्वीपला जातं, कोचीला जातं. सिंगापूरला विमानाने जाऊन तिथून चार दिवस जहाजावर काढणारी मराठी कुटुंबंही आता नवलाची राहिली नाहीत. आजी-आजोबा, मुलगा-सून आणि कडेवर बाळ. बहुतेक मोठ्या क्रूझ कंपन्या सहा महिन्यांखालचं बाळ घेतच नाहीत, महासागर ओलांडणाऱ्या सफरीला तर वर्षाची अट असते. म्हणजे जहाजावर येणारं बाळ नेमकं त्या वयाचं असतं, ज्या वयात ते रांगतं, दिसेल ते तोंडात घालतं आणि रात्रीची बाटली अजून सुटलेली नसते. तुला आणखी काय हवं?

जहाजावर तुझ्याशी लढायची सगळी हत्यारं काढून घेतली जातात. केबिनमध्ये गॅस नसणार हे उघड आहे. पण पाणी उकळायची किटली, गरम पाण्याची कॉइल, इस्त्री, असं तापणारं काहीही बरोबर आणू देत नाहीत. सामान तपासताना सापडलं तर काढून ठेवतात आणि उतरताना परत देतात. या नियमाविरुद्ध माझा एक शब्दही नाही. भर समुद्रात आग लागण्याइतकी भयंकर गोष्ट दुसरी नाही, आणि हजार माणसांच्या जिवापुढे माझी किटली कोण लागून गेली! पण किटली काढून घेतल्यावर त्या आईच्या हातात उरतं काय? बाथरूममधलं बेसिन. तेही एवढंसं, कमोडपासून हातभर अंतरावर. त्यातच सगळ्यांनी दात घासायचे, चुळा भरायच्या, लंगोट बदलल्यावर हात धुवायचे, आणि त्यातच बाळाची बाटली बुडवायची. एरवी शिवाशिव पाळणारी माणसंही तिथे बाटल्या धुतात, कारण दुसरी जागाच नसते. हे तुला ठाऊक आहे, आणि तू त्याचाच फायदा घेतोस.

तुझी काम करायची पद्धतही मी ओळखून आहे. रात्री जेवण होतं, वरच्या डेकवर गाणीबजावणी होते, बाळ अर्धी बाटली पिऊन झोपतं. आई ती बाटली पलंगाशेजारच्या फळीवर ठेवते आणि थकून आडवी होते. तिला मी बोल लावणार नाही. दिवसभर बाळ कडेवर घेऊन जिने चढलेली ती बाई आहे. पण तुझी खरी रात्र तेव्हा सुरू होते. उरलेल्या दुधात जंतू वाढतात. त्यांना ऊब आणि खाणं मिळालं की काही जातींची संख्या वीसेक मिनिटांत दुप्पट होते. आणि जिथे दूध पातळ पसरलेलं असतं, तिथे केबिनच्या वातानुकूलित कोरड्या हवेत तू सुकून घट्ट धरतोस. तुझ्यात चरबी असते, प्रथिनं असतात, चुन्याचे क्षार असतात. ओला असताना तू नुसत्या पाण्याने निघाला असतास. एकदा वाळलास की ब्रशलाही दाद देत नाहीस.

सकाळी काय होतं? कोणीतरी सांगितलेलं असतं, गरम पाण्याने धुवा. म्हणून बुफेतल्या चहाच्या यंत्रातून कढत पाणी आणून थेट त्या बाटलीत ओततात, बोटांनी झाकण दाबून खळखळवतात आणि ओतून देतात. इथेच तू जिंकतोस. दुधातली काही प्रथिनं साधारण ७० अंशांच्या आसपास तापली की त्यांची घडण बदलते आणि ती पृष्ठभागाला अधिकच चिकटतात. कोल्हापूर-सांगलीकडच्या कुठल्याही दूध डेअरीत कॅन धुणाऱ्या माणसाला विचार. तो पहिलं पाणी कधीच कढत घेत नाही. आधी गार नाहीतर कोमट पाण्याने दूध काढून टाकायचं, मग धुण्याचा सोडा, मग गरम पाणी, हा क्रम त्याच्या हाताला बसलेला असतो. क्रम चुकला तर कॅनच्या आत दगडासारखा पांढरा थर धरतो आणि पुढचं सगळं दूध नासतं. टँकरभर दुधासाठी हा माणूस एवढं सांभाळतो, आणि एका बाळाच्या दोनशे मिलिलिटर दुधासाठी आपण कढत पाणी ओतून मोकळे होतो, याचा मला मनापासून राग येतो.

तुझे साथीदारही कमी नाहीत. पहिला, सॅनिटायझर. जहाजावर पावलोपावली त्याच्या बाटल्या टांगलेल्या असतात, त्यामुळे सॅनिटायझर चोळला की हात धुतल्यासारखेच आहेत असं लोकांना वाटतं. त्याच हातांनी ते निपल बसवतात. पण जहाजांवर जुलाब-उलट्यांची साथ आणणारा जो नोरोव्हायरस आहे, त्याच्यावर अल्कोहोलचा फारसा परिणाम होत नाही. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात नॉरवॉक गावच्या एका शाळेत १९६८ साली मुलं एकदम आजारी पडली, आणि १९७२ साली अल्बर्ट कापिकियन यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून हा विषाणू शोधला. त्याचे शंभराहून कमी कण पोटात गेले तरी माणूस आजारी पडू शकतो. कठड्यावर, दाराच्या मुठीवर, बुफेच्या डावावर तो कित्येक दिवस टिकतो. अमेरिकेच्या सीडीसी या आरोग्य संस्थेने तर परदेशातून अमेरिकन बंदरांत येणाऱ्या प्रवासी जहाजांच्या स्वच्छतेसाठी १९७० च्या दशकापासून वेगळा कार्यक्रम चालवला आहे. जहाजावरच्या प्रवाशांपैकी किंवा कर्मचाऱ्यांपैकी ३ टक्के लोकांना पोटाचा त्रास झाला की ती साथ जाहीर केली जाते. या विषाणूला हातावरून काढायचा उपाय एकच, साबण आणि वाहतं पाणी. बाटलीला हात लावण्याआधी वीस सेकंद साबणाने हात धुतले, तर तो दारातच अडतो.

दुसरा साथीदार आहे ओला टिश्यू. निपल खाली पडलं की पुसून पुन्हा तोंडात. याच्यावर अधिक शाई खर्च करायची गरज नाही.

तिसरा साथीदार माझ्या मते सगळ्यांत घातकी, कारण तो मित्र म्हणून येतो. निर्जंतुक करायची गोळी. क्लोरीनची ही गोळी थंड पाण्यात विरघळते, तिला गॅस लागत नाही, किटली लागत नाही, आणि जहाजासाठी याहून चांगली वस्तू शोधूनही सापडणार नाही. दोष गोळीचा नाही. दोष असा की गोळी आहे म्हटल्यावर लोक घासायचं सोडून देतात. न घासलेली बाटली त्या पाण्यात टाकतात आणि निर्धास्त होतात. आणि तू त्या पाण्यात मजेत राहतोस. क्लोरीन आधी तुझ्यावरच खर्च होतं, तुझ्याआड लपलेल्या जंतूंपर्यंत पोचायला पुरेसं उरत नाही. वाफेचं आणि उकळण्याचंही तेच: तू शिजतोस, पण जागचा हलत नाहीस. आधी घासून, धुऊन तुला काढायचं आणि मगच निर्जंतुक करायचं, याला दुसरा क्रम नाही. तुझी सगळी मस्ती लोक हा क्रम विसरतात म्हणून आहे.

म्हणून आता तुझ्यासमोरच सगळ्यांना सांगते, ऐक.

बाळाचं पिऊन झालं की बाटली तिथल्या तिथे, तू ओला असतानाच, नळाच्या गार पाण्याने विसळायची. रात्रीचे दोन वाजले असले तरी. साबणाने घासणं सकाळवर गेलं तर गेलं, पण हे अर्ध्या मिनिटाचं विसळणं सोडायचं नाही. मग धुताना बाटली बेसिनमध्ये टेकवायची नाही. घरून एक प्लॅस्टिकचं लहान घमेलं आणायचं, घडी होणारं मिळालं तर उत्तमच, आणि ते फक्त बाळाच्या भांड्यांसाठी ठेवायचं. ब्रशही वेगळा. बाटलीचा एक मोठा आणि निपलचा एक बारीक. साबणाची छोटी बाटली घरूनच भरून घ्यायची. केबिनमधला हात धुवायचा सुगंधी साबण यासाठी नको. रिंग, निपल, व्हॉल्व्ह, झाकण सगळं सुटं करायचं. आट्यांतून ब्रश फिरवायचा. निपलमध्ये पाणी भरून ते भोकातून चिळकांडी उडेपर्यंत दाबायचं. चिळकांडी उडाली नाही, तर तू अजून तिथेच बसला आहेस असं समजायचं. मग वाहत्या पाण्याखाली धरायचं. नळाचं पाणी समुद्राचं करून घेतलेलं असो नाहीतर बंदरावर भरलेलं, त्यात क्लोरीन घातलेलं असतं, धुवायला ते चालतं.

त्यानंतर गोळीचं पाणी. पाकिटावर लिहिलंय तेवढंच पाणी आणि तेवढाच वेळ. निपलमध्ये आणि बाटलीत हवेचा बुडबुडा अडकू द्यायचा नाही, कारण जिथे बुडबुडा तिथे पाणी पोचत नाही. चोवीस तासांनी ते पाणी ओतून नवं करायचं. स्टीलची वस्तू त्यात टाकायची नाही, गंजते. सहा महिन्यांपुढच्या निरोगी बाळासाठी रोज निर्जंतुक करावं की नाही यावर जाणकारांतही फरक आहे. सीडीसी म्हणते, नीट धुतलंत तर रोज गरज नाही. ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवा म्हणते, निदान वर्षाचं होईपर्यंत करा. माझं मत विचारलंस तर बाथरूममध्ये बाटल्या धुवाव्या लागतात अशा ठिकाणी मी ब्रिटनचंच ऐकेन. बाळ वेळेआधी जन्मलेलं असेल किंवा नाजूक असेल, तर यात विचार करण्यासारखंही काही नाही.

आणि वाळवणं! इथे पुष्कळ जण हातातोंडाशी आलेलं घालवतात. धुतलेली बाटली नॅपकिनने आतून पुसतात आणि नॅपकिनवरचं सगळं तिच्यात जातं. बाथरूमची हवा दमट, शिवाय तिथे दर फ्लशला तुषार उडतात, म्हणून बाटल्या तिथे वाळत ठेवायच्या नाहीत. बाहेर, मेजावर, स्वच्छ कागदी रुमाल पसरून त्यावर उपड्या ठेवायच्या. केबिनमधल्या ज्या कोरड्या हवेने रात्री तुला मदत केली, तीच आता तुझ्या विरुद्ध कामाला लागते. पूर्ण वाळल्याशिवाय झाकण लावायचं नाही. आणि दिवसाला लागतील त्याहून दोन-तीन बाटल्या जास्तच न्यायच्या, म्हणजे ओल्या बाटलीत दूध करायची वेळ येत नाही.

दुधाच्या पावडरीबद्दल एक गोष्ट लोकांना कोणी सांगत नाही. डबा सीलबंद असला तरी पावडर निर्जंतुक नसते. क्रोनोबॅक्टर नावाचा जंतू कोरड्या पावडरीत जिवंत राहतो. दोन महिन्यांखालच्या बाळांना त्याचा धोका सर्वांत मोठा, पण मोठ्या बाळाला तो शिवतच नाही असं नाही. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली सांगून ठेवलं आहे की पावडर किमान ७० अंश तापलेल्या पाण्यात कालवावी, मग बाटली गार पाण्याखाली धरून कोमट करावी आणि दोन तासांच्या आत संपवावी. बाळाने तोंड लावलेलं दूध तासाभरापुढे ठेवू नये. बाटलीबंद पाणीसुद्धा निर्जंतुक नसतं, तेही उकळावंच लागतं. काही जहाजांवर केबिनमध्येच कंपनीची किटली असते, तिथे प्रश्न मिटला. नसेल तिथे केबिन सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्याकडून ताजं उकळलेलं पाणी चांगल्या थर्मासमध्ये मागवायचं. उघड्या कपात आणायचं नाही, कारण जहाज एकदा कललं की ते पाणी बाळाच्या अंगावर यायला वेळ लागत नाही. केबिनमधला छोटा फ्रिजही तपासून घ्यावा. तो बऱ्याचदा फक्त शीतपेयं गार ठेवण्यापुरता असतो, त्याच्या भरवशावर काढून ठेवलेलं दूध ठेवू नये.

लक्षद्वीपच्या बेटावर होडीने उतरतानाही तू बरोबर येतोस हे मला माहीत आहे. चार-पाच तास उन्हात, वापरलेली बाटली पिशवीत. म्हणून बेटावर जाताना स्वच्छ, कोरडी बाटली, पावडर मोजून वेगळ्या डबीत आणि गरम पाणी थर्मासमध्ये. तयार दूध बरोबर न्यायचं नाही. पिऊन झालं की बाटली पिण्याच्या पाण्याने लगेच विसळायची, किनाऱ्यावरच्या नळाखाली नाही.

आता तुझ्या वर्मावर बोट ठेवते. तुला राहायला आटे लागतात, चिरा लागतात, भोकं लागतात. स्टीलच्या वाटीला आणि चमच्याला यातलं काहीच नाही. आमच्या घरांत पूर्वी बाळाला बोंडल्याने दूध पाजत. लहानशी चोच असलेली ती वाटी, चांदीची नाहीतर पितळेची. तिच्या चोचीत साचतं म्हणून ती मी नेणार नाही, पण साधी वाटी आणि चमचा जरूर नेईन. सहा महिन्यांच्या पुढचं बाळ वाटीने छान पितं, सांडतं थोडं, सांडू दे. बाटलीपेक्षा वाटी-चमचा बरा, असं आपले बालरोगतज्ज्ञ वर्षानुवर्षं सांगत आले आहेत, ते याचसाठी की वाटी धुणं सोपं आणि डोळ्यांना दिसणारं असतं. साबणाने घासली, वरून उकळतं पाणी ओतलं की झालं. आपल्या देशात १९९२ साली कायदा झाला आणि दूध पाजायच्या बाटल्यांची जाहिरातच बंद केली, २००३ साली तो आणखी कडक केला. एका साध्या बाटलीवर संसदेने कायदा करावा, याला कारण तूच आहेस, आणि तुझ्यापायी जुलाबांनी गेलेली मुलं आहेत. ज्या आईला अंगावर पाजता येतं तिने जहाजावर तेच करावं, तिथे तुला जागाच नाही. जिला ते जमत नाही, किंवा जिला दूध काढून बाटलीने पाजावं लागतं, तिला कोणी एक शब्द बोलू नये. तिच्या हातात फक्त चांगला ब्रश द्यावा.

इतकं करूनही बाळाला जुलाब झालेच, तर घरगुती औषधं करत बसू नये. ओआरएसची पाकिटं बरोबर असावीत, ती उकळून गार केलेल्या पाण्यात पाकिटावरच्या मापानेच कालवावीत, आणि दूध चालूच ठेवावं. तोंड कोरडं पडलं, रडताना डोळ्यांत पाणी येईना, सहा तासांत लंगोट ओला झाला नाही, टाळू खोल गेल्यासारखी दिसली, तर जहाजावरच्या डॉक्टरकडे त्याच क्षणी न्यावं. पुढच्या बंदराची वाट पाहू नये.

तुला लिहायचं ते संपलं. आता क्रूझ कंपन्यांना सांगते. तुम्ही बाळाच्या नावाने तिकीट देता, त्याच्या झोपायला पाळणा देता, लहान मुलांसाठी खेळायची खोली ठेवता. मग लहान बाळांच्या केबिनमध्ये एक वेगळं घमेलं आणि दिवसातून दोन वेळा थर्मासभर उकळतं पाणी न मागता का पोचत नाही? परक्यांच्या बाटल्या तुमच्या मुदपाकखान्यात नेता येत नाहीत, हे मला मान्य आहे. पण प्रत्येक जहाजावर बाळाच्या बाटल्या धुण्यासाठी कमोडपासून लांब एक नळ आणि एक सिंक ठेवायला कुठलाही नियम आडवा येत नाही.

आणि बाळ घेऊन निघालेल्या आईबापांनो, पैसे भरण्याआधी कंपनीला हे प्रश्न विचारा: केबिनमध्ये किटली आहे का, उकळतं पाणी किती वाजेपर्यंत मिळतं, बाटल्यांचा स्टरिलायझर आणू देता का, फ्रिज खरोखर किती गार होतो. उत्तर फोनवर घेऊ नका, लेखी मागा.

तुझी कायमची वैरीण,
एक आजी